बर्फावरचा गडी पिंपळगाव राजात

खामगावच्या एका कापूस-प्रेसमध्ये इंजिने बसवायला आलेला अमेरिकन माणूस पूर्वी बर्फावर हॉकी खेळून पोट भरत असे, ही बातमी नागपूरला आमच्या कचेरीत एका कापसाच्या दलालाने आणली. त्या काळी नागपुरात हॉकीचे वेड मोठे होते. दसरा झाल्यावर संपादकांनी मला खामगावला पाठवले. माणसाची कारकीर्द लिहून आणा, दोन रकान्यांच्या वर जाऊ नका, असा हुकूम होता. ते दोन रकाने छापून झाले आहेत. त्यांत जे मावले नाही ते येथे देत आहे.

खामगाव

जलंबला मोठी गाडी सोडून फाट्यावरच्या छोट्या गाडीने खामगावी उतरलो. हंगाम नुकता सुरू झाला होता. कापसाच्या गाड्या बाजाराकडे जात होत्या आणि त्यांच्या वाटेवरच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकत होते. आमच्या साताऱ्याकडे उसाच्या गाड्यांमागे पोरे धावतात. इथे कापूस वाटेवर सांडला तरी त्याच्याकडे कोणी वळून पाहत नव्हते.

वॉल्टर ब्रिंक प्रेसच्या इंजिनघरात भेटला. वय पंचेचाळिशीच्या आसपास, अंगाने रुंद, नाक दोन ठिकाणी मोडून पुन्हा जुळलेले, वरचे पुढचे दात बसवलेले. डावा पाय पुरता वाकत नव्हता, त्यामुळे तो खाली बसताना तो पाय पुढे सोडून बसे. प्रेसमधली माणसे त्याला बिरिंकसाहेब म्हणत. त्याला हिंदुस्तानी येत होती ती इंजिनापुरती: ‘बस’, ‘और’, ‘धीरे’, ‘बंद’.

बर्फावरच्या हॉकीची माहिती त्याने तेल पुसता पुसता सांगितली. बुटांच्या तळाशी पोलादी पाती बांधून खेळाडू बर्फावर सरकतात. चेंडूऐवजी रबराची जाड चकती असते. गोलरक्षकाच्या पुढे दोन बचावपटू असतात. समोरून येणारा गडी घोड्याच्या वेगाने येतो आणि त्याला अंगाने अडवणे नियमात बसते. ब्रिंक बचावपटू होता.

त्याचे गाव अमेरिकेच्या उत्तर टोकाला, लोखंडाच्या खाणींचे. बाप खाणीत होता. गावाजवळचे तळे पाच महिने गोठलेले असे, आणि पोरे त्यावरच वाढत. एका लहान शहराच्या संघाने ब्रिंकला विशीच्या आत पगारावर घेतले. तिथून तो पश्चिम कॅनडात गेला, आणि मग पूर्वेकडच्या एका मोठ्या शहराच्या संघात बारा हिवाळे खेळला. उन्हाळ्यात यंत्रांच्या कारखान्यात काम करी. सगळ्या कारकिर्दीत गोल किती केले, असे मी विचारले. त्याने दोन्ही हातांची बोटे पसरून दाखवली आणि एक मिटले.

“बचावपटूचे नाव दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येत नाही,” तो म्हणाला. “आले तर समजावे, काहीतरी चुकले आहे.”

चौकशी इथे संपली असती. पण आमचे बोलणे चालू असताना दाराशी एक माणूस येऊन उभा राहिला होता.

त्याचे नाव हुसेनभाई, राहणार पिंपळगाव राजा, जात पिंजारी. गाठींत न बसलेला, जमिनीवर पडलेला कापूस तो प्रेसमधून नेई, आणि त्याच्या गाद्या-रजया भरून विकी. ब्रिंकची आणि त्याची ओळख एवढीच. तो म्हणाला की परवा पिंपळगावात हुतूतूचा सामना आहे, वडनेर भोलजीच्या गड्यांशी. गावच्या देशमुखांनी साहेबांना पाहुणे म्हणून बोलावले आहे. हा निरोप झाला. मग त्याने आवाज खाली आणला आणि मला म्हणाला, “तुम्ही इंग्रजी जाणता, तर साहेबाले माही एक गोष्ट सांगा.”

गोष्ट अशी. त्याचा धाकटा भाऊ उस्मान हा पिंपळगावचा सगळ्यात भरवशाचा धरणारा गडी. आठ दिवसांपूर्वी सरावात त्याचा उजवा गुडघा मुरगळला. पिंजायला बसायचे तर एक गुडघा जमिनीला टेकवावा लागतो. कापसाच्या बारीक तुसाने हुसेनभाईची छाती धरलेली, त्यामुळे पिंजण, म्हणजे कापूस पिंजायची कमान, उस्मानच चालवतो आणि हुसेनभाई नुसता टाके घालतो. थंडीच्या तोंडाशी रजयांचे काम असते, ते वर्षाचे काम. उस्मानचा पाय गेला तर घर बसले.

“मी सांगितलं, अम्मीनं सांगितलं, हकीमसाहेबानं सांगितलं. आयकत नाई. म्हणते, गावाची इज्जत हाये. आता तुम्ही खेळातले. तुम्ही म्हणाल खेळू नको, तं आयकीन तो.”

मी ते इंग्रजीत सांगितले. ब्रिंकने हात पुसले. पाय पाहिल्याशिवाय काही बोलणार नाही, पण येतो, असे त्याने कळवले.

पिंपळगाव राजाची वाट

सामन्याच्या दिवशी सकाळी प्रेसच्या मालकांनी एक दमणी दिली. दमणी ही हलकी, दोन बैलांची, माणसे नेण्याची गाडी. ब्रिंक पाय सोडून मागच्या कडेला बसला. गावाबाहेर पडताच गाडी उलार झाली: मागे भार पडून जू वर उचलले गेले, बैलांच्या गळ्यांना पट्टे आवळले आणि दोन्ही बैल मागे सरकू लागले. गाडीवान उडी टाकून जुवाला लोंबकळला.

“साहेबाले मधात घ्या! मधात!” तो ओरडला. “हा माणूस हाये का गठाण?”

गठाण म्हणजे कापसाची दाबलेली गाठ. ब्रिंकला मध्ये बसवल्यावर मला मागे जावे लागले. पुढची वाट नीट गेली. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली होती, मध्ये तुरीच्या ओळी, लांब दक्षिणेला घाटाची निळी कड. बायका ओटीत कापूस वेचत होत्या. ब्रिंकने विचारले की त्या वाकून किती वेळ काम करतात. गाडीवान म्हणाला, दिवसभर. ब्रिंकने आपला गुडघा दोन्ही हातांनी चोळला.

वाटेत मी त्याला कारकिर्दीच्या शेवटाबद्दल विचारले. वर्षाच्या अखेरच्या सामन्यांत त्याचा डावा गुडघा सुजला. संघाच्या डॉक्टरने खेळायला मनाई केली. मालक खोलीत येऊन बसला. नुसता बसून राहिला. ब्रिंकने पट्ट्या बांधल्या आणि उतरला. शेवटच्या काही मिनिटांत चकती गोलाकडे येत असताना तो तिच्यापुढे आडवा पडला. चकती अडली. मागून येणारा गडी त्याच्या पायावर कोसळला. त्यानंतर तो बर्फावर उभा राहिला नाही. उन्हाळ्यात ज्या कारखान्यात काम करी त्यांनीच त्याला ठेवून घेतले आणि इंजिनांबरोबर वऱ्हाडात धाडले.

पारावर

नारायणराव देशमुख हे गावातले मोठे जमीनदार आणि हुतूतूच्या संघाचे पोशिंदे. त्यांच्याकडे जेवण झाले. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वर तुपाची धार, तुरीचे वरण आणि वांग्याची तिखट भाजी. रोडगा हाताने फोडायचा असतो. ब्रिंकने तो सुरीने कापायला घेतला तेव्हा वाढणारी बाई पदर तोंडाला लावून आत गेली. भाजीने त्याचे डोळे वाहू लागले, पण पुन्हा मागून घेतली. साताऱ्याचा माणूस म्हणून मला तिखटाचा गर्व होता. तो मी त्या दिवशी सोडला.

जेवणानंतर मारुतीच्या पारावर सत्कार झाला. नारायणरावांनी भाषण केले. साहेबांनी हजारो गोल केले, विलायतेच्या राजासमोर खेळून सोन्याचा प्याला मिळवला, असे ते म्हणाले. यांतले त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. पाहुण्याची ओळख करून देताना असेच बोलायचे असते, असा त्यांचा समज होता, आणि बसलेल्यांचाही. ब्रिंकने मला भाषांतर विचारले. मी केले. तो म्हणाला, दुरुस्त करा.

मी उभा राहून सांगितले की साहेबांनी सगळ्या आयुष्यात नऊ गोल केले आणि राजा पाहिलेला नाही. नारायणराव माझ्याकडे, मी त्यांचा अपमान केल्यासारखे पाहू लागले. मागून एक म्हातारा म्हणाला, “मंग साहेब मैदानात करत काय होते?”

“येणाऱ्याला अडवत होते.”

“हात्तिच्या! म्हणजे आपला उस्मानच की हो!” म्हातारा म्हणाला आणि सगळे हसले. ब्रिंकला मी ते सांगितले. उस्मान कोण, असे त्याने विचारले तेव्हा पाराच्या कडेला टेकलेला एक काळसर, आखूड मानेचा, तिशी ओलांडलेला माणूस सरळ झाला. त्याच्या उजव्या गुडघ्याला एरंडाची पाने बांधलेली होती.

पिंजाऱ्याचे घर

गुडघा घरात पाहिला. आढ्याला दोरीने टांगलेली पिंजण बाजूला सारून उस्मानला खाटेवर बसवले होते. ब्रिंकने पाने सोडली, गुडघा दोन्ही हातांत धरला, पुढे-मागे हलवला, मग बाजूला दाबला. बाजूला दाबताच उस्मानने खाटेची कड घट्ट धरली.

“सरळ पुढे भार घेईल,” ब्रिंकने सांगितले. “बाजूला झेप घेतली तर गेला. माझा तसाच गेला.”

हुसेनभाई पुढे सरकला. “झालं तं मंग. सांगा त्याले, खेळू नको म्हणून.”

ब्रिंकने ऐकून घेतले आणि म्हणाला, “मला डॉक्टरने सांगितले होते. मी ऐकले नाही. याला मी कोणत्या तोंडाने सांगू?”

“तुम्ही नाई आयकलं म्हणूनच तं तुम्ही सांगा!” हुसेनभाई म्हणाला.

उस्मानने मला विचारले, “साहेबाले विचारा, त्या दिवशी जितले का ते?”

“जिंकलो,” ब्रिंक म्हणाला.

उस्मानच्या चेहऱ्यावर हसू आले. हुसेनभाईने कपाळाला हात लावला. “मंग तुम्हाले मी कायले बोलावलं, साहेब?” तो म्हणाला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. तिथून त्याचा खोकला ऐकू येत राहिला.

ब्रिंकने मांजरपाटाची लांब पट्टी मागवली आणि गुडघा बांधला. खाली दोन वेढे, वर दोन, बाजूने तिरपे. बांधताना तो बोलत होता आणि मी भाषांतर करत होतो. आधी आपला पाय कसा गेला आणि कारखान्याने इकडे कसे धाडले ते सांगितले, मग धरण्याचे. येणाऱ्याच्या हातांकडे पाहू नको, हात खोटे बोलतात. पायांकडेही नको. कंबरेकडे पाहा, कंबर जाते तिकडेच माणूस जातो. आपल्याजवळ येईपर्यंत थांब.

“हे ठाऊक हाये मले,” उस्मान म्हणाला. “पण माही पाळी आली का मग? मले जा लागते न तिकडं.”

पाळी म्हणजे काय, हे ब्रिंकला समजावून सांगणे भाग पडले. हुतूतू एका श्वासात म्हणत पलीकडच्या अंगणात शिरायचे, कोणाला शिवून श्वास सुटायच्या आत परतायचे. शिवलेला मरतो. परतण्याआधी धरला गेला तर जाणारा मरतो. आमच्याकडे मेलेला गडी पुढे जिवंत होऊ शकतो. इथे मेला तो बाहेर बसतो. चढाईला कोणी जायचे हे आमच्याकडे नायक ठरवतो. पिंपळगाव आणि वडनेर यांच्या सामन्यात मात्र नऊ गड्यांची पाळी मारुतीपुढे नारळ फोडून आधीच लावतात. जो जिवंत आहे त्याने आपल्या पाळीला गेलेच पाहिजे. पाळी फिरवली म्हणजे सामना हरला.

बर्फावर दोन बचावपटूंना पुढे जाण्याची सक्ती नव्हती. ब्रिंकने वडनेरच्या नायकाला भेटायचे ठरवले.

नायक श्रीराम, मजबूत बांध्याचा शेतकरी, आपल्या गड्यांसह विहिरीवर हातपाय धूत होता. उस्मानला पाळीतून वगळावे, बदल्यात तुम्हीही एक गडी वगळा, अशी ब्रिंकची विनंती मी त्याला सांगितली. त्याने ती आदराने ऐकली.

“साहेब, पाहुणे हा, म्हणून राग नाई येऊन राह्यला,” तो म्हणाला. “पण उद्या कोणाचा पाय दुखीन, परवा कोणाचं पोट. पाळी म्हणजे पाळी. दुखते तं घरी बसावं.”

ब्रिंकने त्याच्याशी हात मिळवला. अमेरिकेत सामना संपल्यावर हात मिळवतात. इथे त्याने तो आधीच मिळवला; श्रीरामला ही चाल ठाऊक नसल्यामुळे तो जरा गोंधळला.

मैदान

मैदान म्हणजे गावाच्या पश्चिमेचे मळणीचे खळे, शेणाने सारवलेले आणि पाण्याने दाबलेले. बक्षीस एक चांदीचे कडे. ते आदल्या वर्षापासून वडनेरकडे होते. सूर्य मावळेपर्यंत खेळायचे. ज्यांचे गडी जास्त उरतील त्यांचे कडे, बरोबरीने उरले तर ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडेच राहते. आम्हाला रेषेच्या टोकाशी बाज टाकून दिली होती. हुसेनभाई आमच्या मागे उभा होता.

उस्मान डाव्या कोपऱ्यात उभा राहिला. वडनेरचा पहिला चपळ गडी त्याच्यावर आला, हाताने हूल दिली, आणि वळताना त्याची कंबर उस्मानच्या मिठीत सापडली. लोक ओरडले. थोड्या वेळाने दुसराही तसाच गेला. ब्रिंक मांडीवर मूठ आपटत होता. सबंध मुक्कामात त्याला एवढा उत्साही मी तेव्हाच पाहिला.

मग उस्मानची पाळी आली. त्याने रेषेपलीकडे तीन पावले टाकली, हुतूतू म्हणत क्षणभर उभा राहिला आणि परत आला. कोणाला शिवला नाही, कोणी त्याला धरलेही नाही.

“दर्शन घेऊन आला का बे?” वडनेरच्या बाजूने कोणीतरी ओरडले.

“परसाद नाई भेटला वाटते!” दुसरा म्हणाला.

उस्मानने पागोट्याने तोंड पुसले आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. एकेक गडी बाहेर बसत गेला. ऊन तिरपे झाले तेव्हा दोन्हीकडे दोन दोन गडी उरले होते. पंचाने हात वर करून सांगितले की वडनेरच्या पाळ्या संपल्या, पिंपळगावची एक पाळी राहिली आहे, त्यानंतर खेळ बंद. ती पाळी उस्मानची होती.

शिवून आला तर कडे पिंपळगावचे. नुसता परत आला तर वडनेरचे. लोक उठून उभे राहिले. नारायणराव रेषेपर्यंत गेले आणि म्हणाले, “उस्मान्या, आता दाखव!”

तो आत शिरला. वडनेरचा एक गडी मागच्या रेषेला चिकटला. श्रीराम उजव्या कोपऱ्यात थांबला आणि उस्मान जवळ आल्यावर त्याने हात लांब केला, घे म्हणून. तो हात उस्मानच्या एका झेपेच्या अंतरावर होता. झेप बाजूला घ्यावी लागणार होती आणि ती उजव्या पायावरून.

उस्मानने उजवा पाय रोवला. त्यावर थोडा भार दिला. मी हे बाजेवर बसून पाहत होतो. ब्रिंक केव्हा उभा राहिला ते मला कळले नाही. उस्मानचे हुतूतू चालू होते, आवाज बारीक होत चालला होता. मग त्याने पायावरचा भार काढून घेतला, दोन पावले मागे आला, वळला नाही, आणि पाठीनेच रेषा ओलांडून आपल्या अंगणात आला. तिथे श्वास सोडला.

पंचाने खेळ बंद केला.

वडनेरकरांनी श्रीरामला उचलले. पिंपळगावच्या बाजूने कोणीतरी म्हणाले, “बांगड्या भर बे!” आणि त्यावर बरेच लोक बोलू लागले. नारायणराव गावाकडे चालू लागले. ज्या म्हाताऱ्याने पारावर उस्मानचे नाव घेतले होते तोही गेला. संघातल्या गड्यांनी आपापले सदरे उचलले. उस्मानचा सदरा तिथेच राहिला. तो हुसेनभाईने उचलला, झटकला आणि भावाच्या खांद्यावर टाकला.

आम्ही त्याच्याजवळ गेलो. तो खळ्याच्या कडेला पाय लांब करून बसला होता आणि पट्टी सोडत होता. ब्रिंकने मला त्याला विचारायला सांगितले की तो मागे का आला. मी विचारले.

उस्मान पट्टी गुंडाळत म्हणाला, “साहेबाचा पाय मोडला तं कंपनीनं त्याइले इकडं तरी धाडलं. मले कोण कुठं धाडते?”

मी ते इंग्रजीत सांगितले. शब्द थोडेच होते, तरी मला वेळ लागला. ब्रिंकने ते ऐकून एकदा पुन्हा सांगायला लावले. मग तो म्हणाला, “त्याला सांगा, मी झेप घेतली असती.”

मी सांगितले. उस्मानने मान वर केली, समोर उभ्या असलेल्या साहेबाच्या ताठ डाव्या पायाकडे पाहिले आणि म्हणाला, “हाव. दिसून राह्यलं.”